बालवाडीला परीक्षा नसते, फाल्गुनात या

दापोलीकडे राहत असल्यामुळे दर मे महिन्यात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. येणाऱ्यांचं स्वागतच आहे. पण घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर मेपर्यंत थांबता कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. शाळकरी मुलांचं समजू शकते. बालवाडीतल्या पोराला कसली आलीय वार्षिक परीक्षा? मग मे महिन्यात, भर दुपारी, तापलेल्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, त्याला उभं करायचं आणि ते रडलं की म्हणायचं, "याला समुद्र आवडतच नाही." माझ्या नणंदेचं हे ठरलेलं वाक्य. अहो वन्सं, समुद्र आवडतो त्याला, पाय भाजतायत!

फाल्गुनात या. सकाळी अंगावर पातळ स्वेटर लागतो, पांगारा आणि काटेसावर लालभडक झालेली असते, आंब्याला बाळकैऱ्या लटकत असतात. दुपारी अकरा ते चार पडवीत लोळायचं, हे मात्र फाल्गुनातही पाळा. फोर्ट, पॉईंट, बोटिंग, डॉल्फिन असं सगळं एका दिवसात कोंबू नका. गाडीत बसून ओकाऱ्या काढण्यापलीकडे पोराच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

छोट्यांना खरी लागते ती ओहोटी. आणि ती कधी, हे हॉटेलवाल्यापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय नीट सांगतं. आमच्याकडचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं आणि ओहोटी भर उन्हात बाराला. मुलांच्या काही कामाची नाही. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आगेमागे, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा खूप आत जातं. रोज पाऊण तास पुढे सरकत तृतीयेला सकाळची ओहोटी सव्वाआठच्या सुमाराला येते. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावस्या ते तृतीया हे दिवस धरून या. अर्धा तास इकडेतिकडे होतो, रेल्वेचं वेळापत्रक नव्हे ते.

त्या ओल्या वाळूवर पोराला सोडा आणि फोन खिशात ठेवा. बारीक खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात, त्यांच्या नक्ष्या पसरलेल्या असतात बिळाभोवती. माझी धाकटी तासभर एका बिळापाशी उकिडवी बसते. खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, साचलेल्या पाण्यात शंख चालायला लागतो, आत साधू खेकडा असतो. तिथे पायात चप्पल हवीच, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. आणि उधाणाचं पाणी उलटलं की पटापट चढतं, म्हणून पाणी फिरलं की खडपातून बाहेर. तिथे लाड नाहीत.

फाल्गुनाच्या याच दिवसांत वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं निघतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, गावकरी त्यात उतरले, म्हणून आज आपल्याला हे बघायला मिळतं. ऑलिव्ह रिडलेची मादी शंभरच्या आसपास अंडी घालून निघून जाते, पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. कुठल्या दिवशी येतील ते त्यांचं तीच ठरवतात. त्यामुळे "पैसे भरून आलो आणि एकही पिल्लू नाही" म्हणून पोरासमोर कार्यकर्त्यांशी भांडणारा बाप बघितला की मला फार राग येतो. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात मागायचं नाही. तीन वर्षांच्या मुलांना हे कळतं, अडचण मोठ्यांची असते.

दोन बारीक गोष्टी. काजूची बोंडं मुलांना जरूर खाऊ द्या, जुने कपडे घालून, डाग जन्मात जात नाही. पण बी त्यांच्या हातात देऊ नका, सालातल्या तेलानं कातडी भाजते. आणि शिमग्यात आलात तर खेळ्यांमधला, म्हणजे सोंगं घेऊन नाचणाऱ्यांमधला, संकासुर भेटेल, काळा अंगरखा, उंच टोपी, लांब दाढी. पोर किंचाळून तुमच्या मागे लपेल. लपू दे, पुढे ढकलून फोटो काढू नका. आमची थोरलीही आधी लपायची, आता त्याच्या मागे वाडीभर फिरते.

आणि पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनी मे काय, फाल्गुन काय, येऊच नका. ज्या वाळूत कासव अंडी घालतं, ज्या वाळूत माझी पोरगी खेकड्याच्या बिळापाशी बसते, तिथे तुमची जीप रुतली की ओढायला आमच्याच गावातली पोरं बोलावता. यापुढे ती येणार नाहीत, निदान आमच्या घरातून तरी.