पाइपच्या तक्रारीबद्दल क्लासकडून उत्तर

नमस्कार सर. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत, की आमच्या हँडआउटमधली व्हिम या टेक्स्ट एडिटरची आज्ञा टॉवेलच्या ऑर्डरच्या फाइलवर चालवली, तर ओळींच्या शेवटी अर्धविराम आला तो आला, वर पाइप आणि सेव्हचा डब्ल्यूही चिकटले, एफ-५ बटणाला जोडलेली आज्ञाही चालली नाही, म्हणजे व्हिमच बेभरवशाचं. आमच्या सरांना तुम्ही विचारलंत तर ते ‘टायपिंग चुकलं असेल’ म्हणाले.

टायपिंग तुमचं बरोबरच होतं. हँडआउट आमचं चुकलं होतं, आणि न तपासता तुमच्यावर ढकललं हे त्याहून वाईट. माफ करा.

पाइप म्हणजे ती उभी रेघ. ती दोन आज्ञा वेगळ्या करते, एवढंच आम्ही शिकवलं. पण तुमच्या ओळीतली ‘नॉर्मल’ आज्ञा पाइपला जुमानत नाही. पुढचं सगळं तिला कीबोर्डवर दाबलेल्या बटणांसारखंच. मोठा ‘ए’ मिळाल्यावर ती ओळीच्या शेवटी लिहायला लागली आणि पाइप, डब्ल्यू सगळं लिहूनच थांबली. सेव्ह झालंच नव्हतं, आणि लगेच एकदा ‘यू’ दाबला असता तर सगळ्या ओळी पूर्ववत. हे पहिल्या पानावर हवं होतं.

‘नॉर्मल’ अवतरणात घालून ‘एक्झिक्यूट’ला (मजकूर आज्ञा म्हणून चालवणाऱ्या आज्ञेला) दिलं, की पाइप पुन्हा कामाला लागतो. पण तुमची ओळ ‘जी’ने, म्हणजे जुळणाऱ्या प्रत्येक ओळीवर आज्ञा चालवणाऱ्या आज्ञेने, सुरू होते, आणि ‘जी’ही पाइपपुढचं आपल्यातच ओढते, सापडलेल्या प्रत्येक ओळीमागे फाइल सेव्ह झाली असती. तुम्ही आपली सेव्हची आज्ञा वेगळी द्या.

एफ-५चंही तेच दुखणं. मॅपिंग, म्हणजे बटणाला आज्ञा जोडणं, पाइपपाशी तुटतं, एंटर पलीकडे राहतो, म्हणून आज्ञा खाली येऊन नुसती थांबते. तिथे पाइपऐवजी कोनी कंसात ‘बार’ लिहायचं.

‘व्हिमच बेभरवशाचं’ हे मात्र मला पटत नाही. नियम तिरपागडे आहेत खरे: शोधताना साधा पाइप म्हणजे नुसती रेघ आणि बॅकस्लॅश लावला की ‘किंवा’, मॅपिंगमध्ये बॅकस्लॅश लावल्यावरच ती नुसती रेघ. पण पाइप न मानणाऱ्या आज्ञांची यादी हेल्पमध्ये ‘बार’खाली दिलेली आहे. ती आम्हीच आधी वाचायला हवी होती.

शनिवारी फाइल पेनड्राइव्हवर आणा, चिकटलेलं एका सब्स्टिट्यूटने (शोधून बदलायच्या आज्ञेने) काढून देते. फी परत हवी असेल तर तीही देईन. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सुटून यायला तुम्हाला सात वाजतात, ठाऊक आहे. आठपर्यंत क्लास उघडा ठेवते.