जेसनची वकिली पुरे झाली

सध्या व्हॉट्सॲपवर मेडिआ या ग्रीक नाटकाबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: जेसनने मुलांच्या भविष्यासाठी राजघराण्यात दुसरं लग्न केलं, पहिली बायको मेडिआ मत्सराने पेटली आणि तिने पोटची पोरं मारली, बायकांसाठी हा धडा म्हणून नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या भाचीला तिचा नवरा दोन लेकरांसकट टाकून गेला. तिला हे तिच्या सासरच्याच माणसाने पाठवलं, वर ‘रागावर ताबा ठेव’ असं लिहून. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

बक्षिसाचं आधी उरकते. इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत या नाटकाचा लेखक युरिपिडीस तिसरा आला, तिघांत तिसरा. पहिला युफोरिऑन, दुसरा सोफोक्लीस.

आता ‘मुलांच्या भविष्यासाठी’. हे जेसनचंच बोलणं आहे. नाटकात तो ते ऐटीत ऐकवतो आणि नाटकच ते खोटं पाडतं. कोरिंथचा राजा क्रिऑन, म्हणजे याचा नवा सासरा, मेडिआला मुलांसकट हद्दपार करतो. त्यानंतर जेसन येतो तो काय घेऊन? वाटखर्चाला पैसे देतो, परगावच्या मित्रांना ओळख पटेल अशा खुणा देतो, एवढंच. ‘पोरांना तरी इथे राहू द्या’ असा एक शब्द त्याने सासऱ्याकडे टाकलेला नसतो. ती विनंती त्याला सुचवते मेडिआ, बऱ्याच वेळाने, आणि तीही सुडाच्या डावाचा भाग म्हणून. त्यावर हा म्हणतो, राजा ऐकेल की नाही सांगता येत नाही, पण बघतो. पोरांसाठी बोहल्यावर चढलेल्या बापाला पोरांची हद्दपारी थांबवायची कल्पना दुसऱ्याने द्यावी लागते! शेवटी मुलं मेल्यावर तो त्यांना एकदा हात लावू दे म्हणून विनवतो, तेव्हा ती तेच तोंडावर फेकते: आता त्यांना कवटाळायचंय, तेव्हा तर दूर लोटलं होतंस.

मेडिआ त्याला एक साधा प्रश्न विचारते. तुझ्या मनात खोट नव्हती तर लग्नाआधी मला सांगून माझं मन वळवायचं होतंस, लपवलंस का? जेसनकडे उत्तर नाही. तो तिच्या रागाकडेच बोट दाखवतो. फॉरवर्ड पाठवणाऱ्यानेही अगदी तेच केलं.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. जेसनचं लांबलचक भाषण संपताक्षणी कोरस, म्हणजे नाटकात एकत्र गाणारा-बोलणारा समूह, इथे मेडिआच्या देशाच्या नव्हे तर कोरिंथच्याच बायका, त्याला सांगतात: शब्द छान रचलेस, पण बायकोचा विश्वासघात केलास, हा न्याय नव्हे. मूळ नाटकाच्या 576 ते 578 या ओळी. कुठलाही चांगला अनुवाद उघडून बघा.

मत्सराचं म्हणाल तर सुरुवातीला दाई सांगते की मेडिआ जेसनच्या शपथांची आणि हातात हात देऊन केलेल्या कराराची आठवण काढून रडतेय, देवांना साक्षीला बोलावतेय. याच्यासाठी तिने बाप सोडला, भावाला मारलं, परतायला माहेर उरलं नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. परमुलखात आश्रयाला आलेल्या कुटुंबाला राजाचा आधार हवा, हा जेसनचा हिशेब अगदीच पोकळ नव्हता. अथेन्समध्ये इ.स.पू. 451 च्या कायद्यापासून मेडिआसारख्या परदेशी आईच्या मुलांना नागरिकत्व मिळत नव्हतं, त्यामुळे प्रेक्षकांना तो कळलाही असेल. आणि हो, मुलं मेडिआनेच मारली, समजून-उमजून. मुलांचे डोळे बघून तिचा निश्चय पुन्हा पुन्हा ढळतो. मी किती वाईट करतेय ते कळतंय, पण संताप विचारापेक्षा भारी आहे, असं ती स्वतःच म्हणते. त्या कृत्याला माफी नाही आणि मी ती मागतही नाही. पण कोरस जेसनला विश्वासघातकी म्हणतो तेव्हा दोन्ही मुलं जिवंत असतात. तो निकाल पुढच्या रक्ताने पुसला जात नाही.