मॅनिफोल्डचा रंग उडाला तो कशामुळे?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: माझ्या लेखात सुचवलेला, ६५० अंश सेल्सियसपर्यंत टिकणारा सिलिकॉन-ॲल्युमिनियम रंग तुम्ही टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीच्या बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला लावला, तीन जाड हात दिले, त्याच संध्याकाळी गाडी बाहेर काढली आणि दोन आठवड्यांत पोपडे निघाले. म्हणजे डब्यावरचा आकडा खोटा, सिरॅमिक कोटिंगच सांगायला हवं होतं. तक्रार रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

पोपड्याखालचा धातू चकचकीत दिसला, असं तुम्हीच लिहिलंय. निदान तिथेच होतं. तापमान सोसलं नसतं तर रंग पांढरट-राखाडी पडून बोटाला भुकटीसारखा लागला असता. चकचकीत धातूवरून अख्खा पापुद्रा सुटतो तेव्हा रंगाने मुळात पकडच घेतलेली नसते. ड्रिलला लावलेला वायर ब्रश गंज काढतो, पण त्याबरोबर पृष्ठभागाला पॉलिशही करतो. या रंगाला खडबडीत धातू लागतो. ८० ते १२० ग्रिटच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कणांचा मारा) करून घ्या. ते जमणारच नसेल तर ८० नंबरच्या एमरीने सगळ्या दिशांनी ओरखडे पाडा.

दुसरी अडचण तेलाची. बीडाच्या बारीक छिद्रांत जुनं तेल मुरलेलं असतं. थिनरने वरवर पुसलेला मॅनिफोल्ड स्वच्छ वाटतो, पण तापला की तेच तेल बाहेर येऊन रंगाला खालून उचलतं. म्हणून आधी डीग्रीझरने धुवा, मग साधारण २०० अंशांवर तासभर तापवा, थंड झाल्यावर ब्लास्टिंग करा आणि शेवटी ॲसिटोनने पुसा. त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका आणि रंग काही तासांतच लावा, कारण ब्लास्ट केलेलं बीड लवकर गंजतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर इथे अजिबात नको. त्याचा अंश राहून तापला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. खाली नेहमीचा इपॉक्सी किंवा झिंक प्रायमरही नको. इपॉक्सी जळून जातो, आणि जस्त तर ४२० अंशांच्या आसपासच वितळतं.

आता जाड हातांविषयी. हा रंग पातळच शोभतो: दोन-तीन हलके हात, मिळून साधारण ४० ते ५० मायक्रॉन. जाड थराची वरची साय आधी धरते, आतला सॉल्व्हंट अडकतो आणि तापल्यावर फोड येतात.

क्युअरिंगबाबत, म्हणजे उष्णतेने रंग पक्का करण्याबाबत, चूक माझीही आहे. लेखात मी नुसतं ‘क्युअर करा’ म्हटलं, पायऱ्या दिल्या नाहीत. सिलिकॉन रेझिन हाताला कोरडं लागलं तरी पक्कं झालेलं नसतं. त्याचे रेणू उष्णतेनेच एकमेकांत जोडले जातात. डब्यावर वेगळं लिहिलं नसेल तर १२० अंशांवर अर्धा तास, मग अर्धा तास थंड. २०० वर अर्धा तास, पुन्हा थंड. शेवटी ३१५ वर अर्धा तास. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरू नका. वेगळा ओव्हन नसेल तर मॅनिफोल्ड बसवून, मोकळ्या हवेत, गाडी उभी ठेवून इंजिन आयडलवर १० मिनिटं चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग २० आणि ३० मिनिटं, दर वेळी मध्ये थंड करून. धूर निघेल, तो अपेक्षितच आहे. पहिल्याच दिवशी गाडी दामटली की या सगळ्या पायऱ्या एका दमात उरकल्या जातात आणि रंग तिथेच हरतो.

सिरॅमिकचा तुमचा मुद्दा टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण लागू आहे, आणि हा फरक लेखात यायलाच हवा होता. अंधारात धातू मंद लाल दिसायला साधारण ५२५ अंशांपासून सुरुवात होते. जोरात चालवल्यावर मॅनिफोल्ड दिवसाउजेडीही लाल दिसत असेल तर ६५० चा रंग विसरा आणि व्यावसायिक सिरॅमिक कोटिंगच करून घ्या. बॉनेटखालची उष्णता कमी करायची असेल तरी तेच. रंग गंज रोखतो, उष्णता अडवत नाही. मात्र सिरॅमिकलाही ब्लास्टिंग आणि तेल काढणं चुकत नाही.

आता उरलेल्या रंगावर नवा हात देऊ नका, सगळा काढा. गॅस्केट बसतो तो सपाट कडेचा भाग (फ्लँज) आणि आटे टेपने झाका. आतल्या बाजूला रंग मारू नका: सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर बिघडतो.