नावडता मसाला डब्यातून काढून टाकण्याआधी

‘मला कोथिंबीर चालत नाही’ असं जेवायला आलेल्या कुणी सांगितलं की आपल्याकडे एक तर ‘काय हे नखरे’ म्हणतात, नाही तर ‘थोडीशीच घातलीय, कळणारसुद्धा नाही’ म्हणून वाढून मोकळे होतात. दोन्ही मला चुकीचं वाटतं. मसाल्याची नावड नीट ऐकून घ्यावी, कारण बहुतेक वेळा ती स्वयंपाकातली चूक दाखवत असते. मसाला कच्चा राहिलेला असतो, करपलेला असतो, शिळा झालेला असतो किंवा हात सैल पडलेला असतो. यातलं काहीच नसेल, तर त्या माणसाचं नाकच वेगळं आहे आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

कोथिंबिरीचं प्रकरण नाकाचं. तिच्या पानांचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा असतो. त्याच जातीची द्रव्यं साबणाच्या वासात आणि ढेकूण, हिरवे किडे यांच्या वासातही सापडतात. कुणाला कोथिंबीर साबणासारखी लागत असेल तर तो माणूस खरंच सांगत असतो. वास ओळखणाऱ्या एका विशिष्ट जनुकाशी या नावडीचा संबंध आहे, असं २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. जनुकाचा वाटा मात्र थोडाच. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांच्या पाहणीत कोथिंबीर नावडणारे पूर्व आशियाई वंशात २१ टक्के, युरोपीय वंशात १७ टक्के आणि आपल्या दक्षिण आशियाई वंशात ७ टक्के निघाले. त्या हिशोबाने शंभर पानांच्या पंगतीत सातजण निमूटपणे कोथिंबीर बाजूला काढत असतील.

यावर उपाय अगदी सोपा आहे. पोहे, उपमा, आमटी यांत कोथिंबीर मिसळू नका, चिरून वाटीत वेगळी ठेवा. ज्याला हवी तो घेईल. पोह्यांना ओला नारळ आणि लिंबू असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. कोथिंबीर बारीक वाटली की पानातलीच विकरं (एन्झाइम) त्या द्रव्यांचं रूप बदलतात, म्हणून अख्खी पानं न चालणाऱ्या काहींना वाटून थोडा वेळ ठेवलेली चटणी चालते. मात्र तसं आधी विचारून घ्यावं. आणि कोथिंबीर चालत नाही म्हणून धणे बंद करू नका. धण्यांचा वास प्रामुख्याने लिनालूल नावाच्या द्रव्याचा, पानांहून अगदी निराळा.

हिंगाचं उलट आहे. हिंग नको म्हणणाऱ्या बहुतेकांनी कच्चा हिंग खाल्लेला असतो. हिंगाचा तो उग्र दर्प गंधकयुक्त द्रव्यांचा, आणि गरम तेला-तुपात फुलल्याशिवाय तो मवाळ होत नाही. उकळत्या आमटीवर वरून भुरभुरलेला हिंग शेवटपर्यंत तसाच राहतो. फोडणीत तेल तापलं, मोहरी तडतडून थांबली, जिरं फुललं, की गॅस बारीक करून हिंग घालायचा. दोन-तीन सेकंदांत तो फुलतो. लगेच हळद-तिखट आणि त्यावर डाळ किंवा भाजी. याहून जास्त थांबलात तर हिंग जळतो, आणि जळका हिंग कच्च्या हिंगापेक्षा वाईट.

प्रमाण ठरवताना हिंग कोणता हे बघावं लागतं. दुकानात पुडीत किंवा डबीत मिळतो तो बहुतेक बांधणी हिंग. त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, मूळ हिंग थोडाच. एक वाटी तुरीच्या डाळीला असा हिंग दोन चिमूट पुरतो. शुद्ध खडा असेल तर मुगाएवढा तुकडाही खूप होतो. तो तेलात फुलवून, काढून, चुरडून मग घालायचा. एकाच चमच्याने दोन्ही हिंग घालणाऱ्या घरात आमटी एका महिन्यात पांचट आणि पुढच्या महिन्यात उग्र लागणारच. आणखी एक, बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. ज्यांना डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय त्यांच्यासाठी डबीवरची घटकांची यादी वाचूनच हिंग घ्या. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. ताकात मात्र कच्चा हिंग मला आवडतो, पण तो नखभर, मीठ आणि जिरेपुडीबरोबर, आणि ताक आंबट असेल तरच.

मेथ्यांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. ‘कडू’ म्हणून त्या डब्यातून हद्दपार होतात. थोड्या कडू त्या असतातच, पण नको इतका कडवटपणा बहुतेक वेळा करपण्यातून येतो. मेथी गुलाबीसर-सोनेरी होईपर्यंत भाजली तर तिला गोडसर, काकवीकडे झुकणारा वास येतो. गडद तपकिरी झाली की संपलं, ती आमटी गुळानेही सुधारत नाही. चूक होते ती क्रमात. मोहरीला कडक तेल लागतं आणि मेथीला नाही. म्हणून आधी मोहरी तडतडू द्या, गॅस बारीक करा, मग मेथ्या. दहा-पंधरा सेकंदांत रंग बदलतो, तेवढ्यात भोपळ्याच्या फोडी आत गेल्या पाहिजेत. चार माणसांच्या लाल भोपळ्याच्या भाजीला पाव चमचा मेथ्या बास.

उडदमेथी या खोबऱ्याच्या रश्शातही हेच. एक वाटी खोबऱ्याच्या वाटणाला एक चमचा उडदाची डाळ आणि पाव चमचा मेथ्या. डाळ आधी भाजायची, ती रंगावर आली की मेथ्या घालायच्या. दोन्ही एकदम टाकले तर डाळ होईपर्यंत मेथ्या काळ्या पडतात, आणि वाटल्यावर त्यांचा कडूपणा सगळ्या रश्शात उतरतो. कैरीच्या लोणच्याला मेथीपूड कच्ची घालू नये. मेथ्या थोड्या तेलात लालसर तळून, पूर्ण गार करून मग कुटाव्यात. किलोभर कैरीला दोन चहाचे चमचे मेथ्या ठीक. त्यावर गेलात तर लोणचं मुरल्यावर मेथीशिवाय दुसरं काही लागत नाही.

गोड्या मसाल्याची आमटी ‘औषधी’ लागते अशी तक्रार असेल तर आधी लवंग तपासा. लवंगेच्या तेलात मुख्य द्रव्य युजेनॉल, तेच दातांच्या दवाखान्यात वापरतात, म्हणून तो वास अनेकांना थेट त्या खुर्चीवर नेऊन बसवतो. अर्धा किलो धण्यांच्या मसाल्याला दहा ग्रॅम लवंग माझ्या मते वरची मर्यादा आहे. मसालेभातात दोन वाट्या तांदळाला तीन-चार अख्ख्या लवंगा, आणि तूप सोडायच्या आधी त्या वेचून काढा. दुसरा गुन्हेगार दगडफूल. ती झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढणारी बुरशी-शेवाळाची जोडगोळी, त्यामुळे सालीचे तुकडे आणि खर बरोबर येतेच. नीट निवडून, चाळून घ्या. भाजताना थेंबभर तेलावर, कढई उतरवल्यावरच्या आचेत, अगदी शेवटी. बाकी मसाल्याबरोबर भाजलं तर ते आधी जळतं आणि मसाल्याला काजळीची चव येते.

परदेशातल्या आपल्या लोकांकडून ‘तमालपत्राने भाताला निलगिरीचा वास आला’ असं ऐकू येतं. तिथल्या बाजारात तमालपत्राच्या ऐवजी मिळतं ते बे लीफ, वेगळ्याच झाडाचं पान. ओळखणं सोपं आहे. आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनीकडे जाणारा असतो. बे लीफला मधोमध एकच ठळक शीर. तमालपत्र मिळालं नाही तर दालचिनीचा लहान तुकडा घाला, ते पान नको.

आता माझी स्वतःची नावड, आणि ती मी सोडणार नाही: कसुरी मेथी. तिच्याशी वैर नाही, तिच्या जागेशी आहे. पनीर, छोले, बटाटा, मटार, कोंबडी, सगळ्यांच्या रश्शात शेवटी मूठभर चुरून टाकली की सगळ्या रश्शांची चव एक होते. हल्ली ती घरच्या पिठल्यात आणि फ्लॉवरच्या रश्श्यातही दिसायला लागली आहे. पिठल्याला लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी असते, गोड्या मसाल्याला दगडफुलाचा खोल वास असतो, कसुरी मेथी दोन्ही झाकून टाकते. वापरायचीच असेल तर लोणी-साईच्या रश्शात वापरा: चार माणसांना अर्धा चमचा, कोमट तव्यावर क्षणभर शेकून, तळहातावर चुरून, गॅस बंद केल्यावर. आणि त्या दिवशी त्या भाजीत दुसरा कुठलाही वासाचा मसाला घालू नका.

तिरफळ म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात ते सुकं फळ. त्याबद्दल घाटावरच्या लोकांचं मत बहुतेक एका वाईट घासावर बनलेलं असतं. जीभ बधिर होते आणि दाताखाली कचकचतं, ही तक्रार खरी आहे. कचकच आतल्या काळ्या बियांची, त्या काढून टाकायच्या असतात. बधिरपणा हा तिरफळाचा गुणच, पण तिरफळ नारळाबरोबर वाटलं तर तो कडवट होऊन सगळीकडे पसरतो. सहा बांगड्यांच्या कालवणाला आठ-दहा सुकी तिरफळं घ्या, टरफलं हलकीच ठेचा, अर्धी वाटी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, आणि बांगडे सोडताना पाण्यासकट घाला. आलं-लसूण नको, त्याने तिरफळाचा लिंबाच्या सालीसारखा वास मरतो. पानात वाढताना टरफलं बाजूला काढता येतात, म्हणून नवख्या पाहुण्याला ती आधीच दाखवून ठेवा.