लेकरांच्या नजरेस सरपंचबाई पडू नयेत म्हणून

सोडतीत आपल्या गावचे सरपंचपद महिलेसाठी सुटले, ही बातमी तहसील कार्यालयातून कानावर येताच आपण हवालदिल झाला असाल, तर आधी घोटभर पाणी प्यावे. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, २०११ साली महाराष्ट्राने पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि तरीही वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत कितीतरी गावांचा कारभार आजही पानठेल्यावरून सुरळीत चालतो. अर्ज सौभाग्यवतींच्या नावाने भरावा, गुलाल आपण अंगावर घ्यावा आणि दुसऱ्या दिवसापासून 'सरपंच' या हाकेला ओ देऊ लागावे. फोन कोणाला लावायचा हे ग्रामसेवकाला आणि कंत्राटदाराला ठाऊक असते, त्यामुळे मोठ्या माणसांची काळजी करण्याचे कारण नाही.

काळजी आहे ती अंगणवाडीपासून सातवी-आठवीपर्यंतच्या लेकरांची. त्यांना राजपत्र वाचता येत नाही, पण खुर्चीवर कोण बसले आहे आणि सतरंजीवर कोण, एवढे मात्र बरोबर दिसते.

हा धोका काल्पनिक नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी ४९५ गावांचा अभ्यास केला आणि २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथे प्रधानपद, म्हणजे तिकडचे सरपंचपद, लागोपाठ दोन निवडणुकांत स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी आईबापांनी बाळगलेल्या आकांक्षांतील अंतर सुमारे एक चतुर्थांशाने घटले; ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांतील अंतर जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले; शिक्षणातील तफावत मिटली आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळसुद्धा कमी झाला. विशेष म्हणजे, त्या गावांत तरुणींसाठी नव्या नोकऱ्या उघडल्या म्हणून हे घडले असे काही आढळले नाही. मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी एक बाई गाव चालवताना पाहिली, एवढेच. म्हणजे आपला खर्चाचा प्रश्नच मिटला: शाळा बंद पाडायला नको, पुस्तके फाडायला नकोत, बाई दिसू दिली नाही की झाले.

त्यासाठी पहिली दक्षता खुर्चीची. ग्रामपंचायत कार्यालयातील सरपंचाची खुर्ची आपण स्वतः व्यापावी; बाईंना सहीपुरते बोलवावे, शक्य तर रजिस्टरच घरी न्यावे, म्हणजे त्यांचा पदर चुलीपासून फार दूर जाणार नाही. १५ ऑगस्टचा दिवस मात्र जोखमीचा असतो, कारण त्या दिवशी प्रभातफेरी काढून सारी शाळाच ग्रामपंचायतीसमोर येऊन उभी राहते. तेव्हा दोरी बाईंच्या हातात देणे भाग पडलेच, तर आपण त्यांच्या मागे असे उभे राहावे की झेंडा नेमका कोणी फडकवला याविषयी पोरांच्या मनात संशय राहावा. भाषण अर्थात आपण करावे, आणि त्यात स्त्रीशक्तीचा उल्लेख आवर्जून असावा.

ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर घ्यावी. ती प्रत्यक्षात भरली, तर बायका कडेवरची लेकरे घेऊन येतात, आणि नळयोजनेच्या हिशेबावर आपली आई मोठ्याने प्रश्न विचारते आहे हे एखाद्या चार वर्षांच्या पोरीने पाहिले, तर पुढे तिला गप्प बसवायला फार कष्ट पडतात.

कधीतरी एखादा पुतण्या चारचौघांत विचारीलच, "सरपंच त मोठी माय आहे, मंग खुर्चीवर मोठे बाबा काहून बसते?" अशा वेळी रागावू नये, हसावे, गोळीबिस्किटाला पैसे द्यावेत आणि खेळायला पिटाळावे. मुलग्यांकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. बाईचा शब्द गावात चालतो हे लहानपणी पाहिलेला मुलगा उद्या घरी बायकोचे मत विचारू लागला, तर त्याचा दोष कोणाला द्यायचा?

पाण्याच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून राहावे. बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की स्त्रिया प्रमुख असलेल्या पंचायती पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च करतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर गुंड घेऊन हातपंपाकडे जाणाऱ्यांत पोरीच अधिक असतात. बाईंनी हट्टाने हातपंप दुरुस्त करून घेतला आणि ते त्या पोरींना कळले, तर सत्ता म्हणजे काय हे त्यांना फुकटात समजेल. तेव्हा तेथे तातडीने आपल्या छायाचित्राचा फलक लावावा. बाईंचे छायाचित्र कोपऱ्यात चालेल.

तरीही मुलींना मोठ्या स्त्रियांची ओळख असावी, याला आपला विरोध नाही. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा आपल्याच विदर्भात आहे; अमरावतीने १९९१ साली लोकसभेत पाठवलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या. ३ आणि १२ जानेवारीला पोरींना सावित्रीबाई आणि जिजाऊ खुशाल होऊ द्याव्यात, नऊवारी नेसवावी, फोटो काढून स्टेटसला ठेवावा, आणि कार्यक्रम आटोपताच त्यांच्या हाती झाडू द्यावा. इतिहासातली किंवा दिल्लीतली बाई परवडते. शेजारच्या गल्लीत राहणारी, आपल्यासारखेच बोलणारी आणि सभेत नियम वाचून दाखवणारी बाई परवडत नाही, कारण आपणही असे होऊ शकतो असा समज पोरींना तिला पाहूनच होतो.

एवढी खबरदारी घेऊनही आपली चौथीतली लेक जेवताना म्हणाली, की मलाही सरपंच व्हायचे आहे, तर घास अडकू देऊ नये. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मुलीचे लग्न १८व्या वर्षी करता येते. मधली तीन वर्षे कायद्यानेच आपल्या हाती ठेवली आहेत, तेवढ्यात स्थळ पाहून घ्यावे.