सरपंचांचा माणूस

कुत्रा पाळणाऱ्याला कुत्र्याचा मालक म्हणतात, हा निव्वळ शिष्टाचार झाला. पाचनईपासून गुंजवण्यापर्यंत कुठल्याही गडाच्या पायथ्याला मला कोणी नावाने ओळखत नाही. 'ते सरपंचासोबत येतात ना, ते' एवढीच माझी ख्याती. सरपंच म्हणजे आमचा कुत्रा. तांबडा, अस्सल गावठी, एक कान उभा, एक पडलेला आणि चेहऱ्यावर कायम निधी अडकल्याचा भाव. त्या भावावरूनच नाव पडलं. एका गावातल्या हॉटेलात मी "सरपंच, टेबलाखालून बाहेर निघ आधी!" म्हणून ओरडलो, तेव्हा पलीकडच्या बाकावरच्या पांढऱ्या टोपीतल्या गृहस्थांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सावकाश मान वळवली. पुढे आमचं बरंच बोलणं झालं. माणूस दिलदार होता. बिल मात्र मी दिलं.

त्याला डोंगरात न्यायचं म्हणजे घरापासूनच दशा. रेल्वेने जावं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आरक्षित करा, नाहीतर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. फर्स्ट एसी मी स्वतः फक्त फलाटावरून पाहिलेला, आणि पेटी त्याच्या पदाला शोभली नसती. म्हणून मोटार. पुढची सीट सरपंचांची, मागे आम्ही तिघे आणि सॅका. उन्हाळ्यात कातळ तापतो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम सुटत नाही, म्हणून पहाटे अंधारात चढायला लागायचं. पाय त्याचे वाचायचे, झोप आमची जायची.

कळसूबाईला, म्हणजे १६४६ मीटरवर, महाराष्ट्रात याहून उंच जाता येत नाही. तिथल्या लोखंडी शिडीवर अर्ध्यात जाऊन तो थांबला आणि असा काही केविलवाणा सूर लावला की खाली रविवारची रांग खोळंबली. वीस-बावीस किलोंचं धूड खांद्यावर घेऊन मी चढलो. लोक 'बिचारा, बिचारा' म्हणत होते. ते मला उद्देशून नव्हतं. उतरताना हाच बिचारा शिडीकडे न बघता शेजारच्या खडकांवरून उड्या मारत खाली गेला आणि माझी वाट बघत बसला.

हरिश्चंद्रगडावरचा प्रसंग मात्र अजून काही लोक विसरले नसतील. केदारेश्वराच्या गुहेत मधोमध शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फगार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. एकेक खांब म्हणजे एकेक युग, शेवटचा पडला की कलियुग संपलं, असं सांगतात. भाविक दातावर दात आपटत पाण्यात उतरत होते. सरपंच धाडकन शिरला आणि पोहत पिंडीला नीट गोल फेरी मारून आला. क्षणभर शांतता. मी त्या उरलेल्या खांबाकडे बघून घेतलं. मग निम्म्या लोकांनी मला शिव्या घातल्या, निम्म्यांनी त्याला नमस्कार केला. एका आजोबांचा आक्षेप वेगळाच. कुत्र्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात, यानं पूर्ण घातली," हे त्यांना खटकलं. ते शास्त्र समजावून सांगत असतानाच सरपंचाने अंग झाडलं. तीर्थ सगळ्यांना मिळालं.

आता निष्ठेबद्दल. स्वर्गाच्या वाटेवर कुत्र्याने धर्मराजाची साथ सोडली नाही, हे खरंच. पण त्या वाटेवर उकडलेली अंडी बाळगणारा दुसरा ग्रुप नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवं. राजगडावर पद्मावती माचीला आम्ही सॅका आवरत होतो, तेवढ्यात हा एका मुंबईच्या ग्रुपबरोबर पाली दरवाजाने उतरून गेला. आम्ही चोर दरवाजाने गुंजवण्यात. दुपारी फोन लागला तेव्हा कळलं की गडाच्या दुसऱ्या अंगाला महाशय एका ओसरीवर पहुडलेत. मोटारीने अख्ख्या डोंगराला वळसा घालून पोहोचलो. मला बघून त्याने शेपूट हलवली, पण बेताने. आमदारांच्या दौऱ्यात कार्यकर्त्याला ओळख द्यावी तेवढीच.

आणि तरीही पावसाळ्यात, कोकणकड्याकडून परतताना धुक्यात स्वतःचे बूट दिसेनासे झाले की सगळे त्याच्या मागे निमूट चालायचे. तो दहा पावलं पुढे जायचा, थांबायचा, मान वळवून आम्हाला मोजायचा. कोणी कमी असला तर हलायचा नाही. माझ्या मित्रांच्या मोबाइलमधल्या नकाशांनी आम्हाला जितक्यांदा करवंदीच्या जाळीत घातलं, तितक्यांदा याने बाहेर काढलंय.

घरी आलं की गोचिड्या. सोफ्यावर तो डोळे मिटून आडवा, मी चष्मा चढवून, चिमटा घेऊन त्याच्या बोटांच्या बेचक्यांत. कातडीला लगटून धरायची आणि सरळ ओढायची, चिरडायची नाही. सोमवारी ऑफिसात कोणी "वीकेंडला काय केलंस?" विचारलं की मी फक्त "ट्रेक" म्हणायचो.

म्हातारपणी गुडघे गेले. मग सिंहगड, तोही मोटारीने. वाहनतळावर उतरलं की तो छाती काढून उभा राहायचा आणि आतकरवाडीतून घामेघूम होऊन वर आलेल्यांकडे 'आत्ता पोहोचताय?' अशा नजरेने बघायचा. कांदाभजीचा पहिला घास त्याचा. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. त्याबद्दल मला विनोदी लिहिता येत नाही, तेव्हा ते राहू दे.

परवा हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. वरच्या झोपडीतल्या मावशींकडे मी नेहमी दोन भाकऱ्या सांगायचो. त्यातली दीड टेबलाखाली जायची. "दादा, एकलेच आले? सरपंच कुठं हाय?" मी सांगितलं. त्या चुलीपुढे जरा वेळ नुसत्याच बसून राहिल्या, मग उठून ताट घेऊन आल्या. पिठलं, ठेचा, कांदा आणि अर्धी भाकरी.

"तुमची एवढीच असती ना?"

इतकी वर्षं मी अर्ध्या भाकरीवर गड चढतोय असा त्यांचा समज होता. तो मोडायला मला पुढे तीन लागल्या.