कॅशे साफ करून डेटा वाचत नाही, उलट जास्त जातो

‘रोज कॅशे साफ करा, इनकॉग्निटोमध्येच (खासगी खिडकीत) साईट उघडा, डार्क मोड लावा, जादा टॅब बंद करा, क्रोमचा लाइट मोड (Lite, डेटा वाचवायची सोय) चालू ठेवा, डेटा निम्मा वाचेल.’ हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. यातला पहिलाच सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे.

एकदा उतरवलेले लोगो, फॉन्ट, स्क्रिप्ट ब्राउझर कॅशेमध्ये जपून ठेवतो. जपलेल्या फाइलची मुदत संपली तरी तो आधी सर्व्हरला एवढंच विचारतो, फाइल बदलली का? ‘304’, म्हणजे ‘बदललेली नाही’, असं उत्तर आलं की जुनीच फाइल वापरतो. खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ12 दाबा, ‘नेटवर्क’ उघडा आणि नेहमीची एखादी साईट रीलोड करा. साइझच्या रकान्यात बऱ्याच ओळींपुढे केबीच्या आकड्याऐवजी ‘डिस्क कॅशे’ किंवा ‘मेमरी कॅशे’ दिसेल. म्हणजे ते नेटवरून आलेलंच नाही. आता कॅशे साफ करून तीच साईट उघडा आणि खालचा ‘ट्रान्सफर्ड’चा आकडा बघा. साफसफाईने मोकळी होते ती फोनमधली जागा. मेसेज लिहिणाऱ्याने स्टोरेज आणि डेटा यांची गल्लत केलेली दिसते.

इनकॉग्निटोचं दुखणं तेच. खिडकी रिकाम्या कॅशेने उघडते आणि बंद करताना जमलेलं सगळं फेकून देते. हिस्टरी राहत नाही, एवढाच फायदा.

डार्क मोडचा डेटाशी काडीचा संबंध नाही. ओएलईडी स्क्रीनवर बॅटरी वाचते, बस.

टॅबचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. लाइव्ह स्कोअरसारखं आपोआप ताजं होणारं पान मागे उघडं राहिलं तर डेटा खातं. वाचून झालेला लेख नुसता पडून असेल तर जवळपास काहीच घेत नाही.

लाइट मोड तर गूगलने 2022 मध्येच, क्रोमच्या 100व्या आवृत्तीपासून, काढून टाकला. आता शोधून सापडणार कुठे?

डेटा खरा जातो तो मोठे फोटो, जाहिराती आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंवर. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन टाका. जाहिराती जातातच, शिवाय ठरावीक केबीपेक्षा मोठे फोटो-व्हिडिओ अडवायची सोयही सेटिंगमध्ये आहे. हवा तो फोटो टॅप करून उघडायचा. ऑपेरा मिनी हा ब्राउझरही पान स्वतःच्या सर्व्हरवर आवळून पाठवतो आणि डेटा भरपूर वाचतो, पण एक्स्ट्रीम मोडमध्ये पान त्या सर्व्हरवर उघडलं जातं, त्यामुळे बँकेचं काम तिथे करू नका.